तीस ड्यूटी, शून्य ऑफ: बाबांच्या साप्ताहिक सुट्टीचं काय?

पाऊलवाट

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

बाबा ५८ वर्षांचे. कारखाना बंद पडल्यापासून एजन्सीमार्फत एका सोसायटीच्या गेटवर रात्रपाळी करतात, संध्याकाळी ७ ते सकाळी ७. परवा शर्ट धुवायला टाकताना खिशातली छोटी डायरी बाहेर काढली आणि सहज उघडली. प्रत्येक तारखेपुढे 'रा'. रा, रा, रा. पानं उलटत गेले. चार महिन्यांत दोनच तारखा वेगळ्या निघाल्या, एक आत्याच्या दहाव्याची आणि एक तापाची. दोन्हींपुढे पेन्सिलीने 'खाडा' लिहून कापलेले पैसे मांडलेले.

विचारलं, बाबा, तुम्हाला आठवड्याला ऑफ नसतो का? म्हणाले, "असतो की. हवा तर घे म्हणतात. त्या दिवसाचे पैसे जातात एवढंच." आणि बूट काढता काढता खुर्चीतच झोपले.

माझा प्रश्न साधा आहे. पैसे कापून मिळणाऱ्या दिवसाला सुट्टी म्हणायचं का? कायदा नक्की काय देतो? आणि बाबांची नोकरी न घालवता काही करता येईल का?

तिसरी_पाळी

ताई, मी ३१ वर्षं कारखान्यात काढली, त्यातली निम्मी तिसऱ्या पाळीत. काही वर्षं युनियनच्या कमिटीवर होतो, म्हणून हे कलम पाठ आहे.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाचं कलम ५२. आठवड्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे रविवारी, प्रौढ कामगाराला कामाला लावायचं नाही आणि काम करूही द्यायचं नाही. यातलं दुसरं नीट वाचा. कामगार स्वतः म्हणाला 'साहेब, मी येतो', तरी मालकाने त्याला मशिनवर उभं करायचं नाही. 'तो आपखुशीने आला' ही सबब तिथेच संपते.

रविवारी गरज असेलच तर बदली सुट्टी द्यायची, आधीच्या तीन किंवा नंतरच्या तीन दिवसांत, आख्खा दिवस. त्याची नोटीस आधी बोर्डावर आणि इन्स्पेक्टरच्या ऑफिसात. नंतर कागद रंगवायचा नाही. याला आणखी एक कुलूप आहे, सलग १० दिवसांपेक्षा जास्त काम होता कामा नये. ते का घातलं ते कॅलेंडर घेऊन बघा. रविवार ४ तारखेला आहे. त्याची बदली सुट्टी गुरुवारी १ तारखेला दिली. पुढचा रविवार ११ ला, त्याची बदली बुधवारी १४ ला. दोन्ही बदल्या तीन दिवसांच्या आत, तरी २ ते १३ असे १२ दिवस माणूस सलग राबला. आमच्या टाइम ऑफिसने हे एकदा करून पाहिलं होतं. १० दिवसांच्या अटीमुळे १२ तारखेला सुट्टी द्यावीच लागते.

आता रात्रपाळी. सुपरवायझर आम्हाला सांगायचा, "शनिवारी रात्री आलास, रविवारी सकाळी सुटलास, रविवार घरीच होतास ना? झाली सुट्टी. संध्याकाळी ये." रविवारी दिवसा आम्ही झोपायचो, ती झोप त्याने सुट्टीत धरलेली! कलम ५७ ने त्याचं तोंड बंद केलं. पाळी मध्यरात्र ओलांडत असेल तर सुट्टीचा दिवस म्हणजे पाळी सुटल्या क्षणापासून सलग २४ तास. रात्रपाळीवाल्याचा दिवस रात्री बाराला सुरू होत नाही. तुमच्या बाबांना तोच हिशेब लावला तर रविवारी सकाळी ७ ला सुटले की सोमवारी सकाळी ७ पर्यंत त्यांना कोणी बोलवायचं नाही, म्हणजे रविवारची रात्र घरी.

हिशेबनीस

तिसरी_पाळी काका, सगळं बरोबर, पण दोन दुरुस्त्या. एक, १९४८ चा कायदा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत मुरला आहे. २०२० ची ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्या कलम २६ मध्ये तत्त्व तेच आहे, कोणत्याही आठवड्यात सहा दिवसांपेक्षा जास्त काम करू द्यायचं नाही. तुम्ही म्हणता ते 'करू द्यायचं नाही' तिथेही आहे. सूट मिळालेल्या ठिकाणी सुट्टी बुडाली तर त्याच महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत तितक्याच भरपाई सुट्ट्या.

दोन, ताईंचे बाबा कारखान्यात नाहीत. एजन्सी ही आस्थापना, म्हणून आधी महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा बघायचा. तो १० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणांसाठी आला. ही मर्यादा २० वर न्यायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला, पण गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीकडे वीस माणसं नसतील असं होत नाही. या कायद्याने दुकानं आठवड्याचे सातही दिवस उघडी ठेवायची मुभा दिली, अट एकच, प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग २४ तास विश्रांती. दुकान उघडं म्हणून माणूसही उघडा, असं नाही. सुट्टी बुडाली तर दोन महिन्यांच्या आत भरपाई रजा, आणि सुट्टीच्या दिवशी काम केलं तर दुप्पट दराने वेतन.

पैशाचं रात्री सविस्तर लिहितो. खरी चोरी तिथे आहे. आत्ता ऑफिसात आहे.

निळा_सदरा

मी स्वतः गार्ड आहे. आठ वर्षं झाली. कायदा सांगणारे चांगलं सांगतात, पण ताई, तुमच्या बाबांना विचारा त्यांना ऑफ हवाय का. आमच्या पॉइंटवर, म्हणजे ड्यूटीच्या जागेवर, कुणाला नकोय. ड्यूटीमागे पैसे आहेत. चार ऑफ घेतले की चार ड्यूटीचे पैसे गेले. खोलीचं भाडं तीस दिवसांचं असतं, सव्वीसचं नाही. मी तर महिन्यात दोन-तीन डबल मारतो, रिलीव्हर (बदली गार्ड) आला नाही की खुशीने थांबतो. माझ्या तोंडचे पैसे कायद्याच्या नावाने कोणी काढून घेऊ नये एवढंच.

अर्धा_कप

अवांतर: आमच्याकडे शनिवार-रविवार सुट्टी, पण रविवारी संध्याकाळी मॅनेजरचा मेसेज येतोच, "उद्या सकाळी बघितलं तरी चालेल." चालेल म्हणजे आत्ता बघ. हे कोणत्या कलमात बसतं?

तिसरी_पाळी

@अर्धा_कप, तुमच्याकडे निदान उद्या सकाळी चालतं हो.

@निळा_सदरा, भाऊ, तुमचं दुखणं खरं आहे, पण पैसे ऑफमुळे जात नाहीत. दर ठरवतानाच गेलेले असतात. हिशेबनीस लिहितील ते वाचा आणि मग बोला.

हिशेबनीस

आलो. मी पंधरा वर्षं पगारपत्रकं बनवतोय. एजन्सीची, ठेकेदारांची, कारखान्यांची. त्यामुळे पुढचं लिहिताना थोडी लाजही वाटतेय.

किमान वेतनाच्या अधिसूचनेत महाराष्ट्रात एक ओळ असते. रोजंदारीचा दर काढायचा तर मासिक किमान वेतनाला २६ ने भागा, आणि या दरात साप्ताहिक सुट्टीचं वेतन धरलेलं आहे. म्हणजे महिन्याचा पगार हा २६ दिवस काम आणि चार दिवस विश्रांती या दोन्हींचा मिळून आहे. विश्रांतीचा दिवस पगारातच बसलेला आहे, तो कोणी उपकार म्हणून देत नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या कलम १३ मध्ये दर सात दिवसांत एक विश्रांतीचा दिवस, त्या दिवसाचं वेतन, आणि त्या दिवशी काम केल्यास ओव्हरटाइमपेक्षा कमी नाही असा दर, अशा तिन्ही गोष्टी ठरवायची तरतूद होती. २०१९ च्या वेतन संहितेतही कलम १३ च आहे, योगायोगाने.

आता एजन्सी काय करते बघा. आकडा फक्त हिशेबापुरता, महिना १५,००० धरू आणि महिना ३० दिवसांचा, चार सुट्ट्यांचा.

२६ ने भागलं तर रोज ५७६ रुपये ९२ पैसे. एजन्सी भागते ३० ने, रोज ५००. इथेच कात्री लागली. गार्डने चार ऑफ घेतले तर त्याला १५,००० मिळायला हवेत, मिळतात १३,०००. एकही ऑफ न घेता तीस ड्यूट्या केल्या तर १५,००० अधिक चार दिवस दुप्पट दराने, म्हणजे ४,६१५, एकूण १९,६१५. मिळतात १५,०००, आणि वर 'पूर्ण हजेरी' म्हणून शाबासकी.

म्हणजे निळा_सदरा भाऊ, तुम्ही ज्याला 'जास्तीच्या चार ड्यूटीचे पैसे' समजता तो तुमचाच मूळ पगार आहे. ऑफ घेऊनही तो मिळायचाच होता. ते चार दिवस तुम्ही फुकट करताय. बारा तासांच्या ड्यूटीचा ओव्हरटाइम यात अजून धरलेलाच नाही, तो वेगळा.

या २६ चे धागेदोरे लांबवर जातात. ग्रॅच्युइटीत शेवटच्या पगाराला १५ भागिले २६ लावतात ते याचमुळे. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिग्विजय वूलन मिल्सच्या खटल्यात मासिक पगार हा २६ कामाच्या दिवसांचा मानला, आणि १९८७ च्या दुरुस्तीने ते कायद्यातच घातलं. ग्रॅच्युइटी काढताना २६ आणि ऑफ कापताना ३०, असं एकाच एक्सेलमध्ये करणारे महाभाग मी पाहिलेत. (करायला लावलेल्यांतला एक मीही.)

लघुउद्योग

माझं वर्कशॉप आहे, १४ माणसं. मालकाची बाजू कोणी मांडणार नाही म्हणून मांडतो, शिव्या नंतर द्या.

एजन्सीला सोसायटी पैसे देते ते 'पॉइंटचे', बारा तासांच्या एका खुर्चीचे. ती खुर्ची महिन्याचे तीसही दिवस भरलेली पाहिजे. गार्डला चार ऑफ द्यायचे तर चार दिवस रिलीव्हर, म्हणजे सहा पॉइंटमागे एक माणूस जास्त. हा सातवा माणूस कोटेशनमध्ये कोणी धरत नाही. जो धरतो त्याचं कोटेशन महाग दिसतं आणि सोसायटी दुसऱ्याकडे जाते. मिटिंगमध्ये मीही बसलोय. गार्डला ऑफ मिळतो का, हा प्रश्न कोणी विचारल्याचं आठवत नाही, मीसुद्धा विचारला नव्हता. रेट किती आणि युनिफॉर्म कोणाचा, एवढंच.

माझ्या वर्कशॉपला रविवारी कुलूप असतं. पण ऑर्डर अडली की दोन पोरांना बोलवतो, डबल देतो आणि बुधवारी सोडतो. बुधवारी सोडायचं दोनदा राहिलं, कबूल.

निळा_सदरा

हिशेबनीस साहेब, हे दोनदा वाचलं. मग मोबाइलवर माझी स्लिप काढून बघितली. 'एकूण दिवस ३०, हजर ३०.' माझ्या डोक्यात हा भागाकार कधी आलाच नव्हता. आठ वर्षं.

पण एक सांगा. हे बोलायला गेलो की पॉइंट बदलतात. घरापासून दीड तासावरचा पॉइंट देतात, मग माणूस आपोआप सोडून जातो. त्यावर कलम आहे का?

शाईचे_बोट

यात आमची, म्हणजे पत्रकारांची, एक गंमत. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्यात नुसते २४ तास म्हणून थांबले नव्हते. कोणत्याही सलग सात दिवसांत किमान २४ तास विश्रांती, आणि त्यात रात्री १० ते सकाळी ६ हा वेळ आलाच पाहिजे. म्हणजे सुट्टीत एक पूर्ण रात्र हवी. छपाईच्या धंद्यात रात्रच खाल्ली जाते हे ज्याने ओळखलं त्याला सलाम. प्रत्यक्षात ऑफच्या रात्री फोन यायचाच, "पान एकवर जरा नजर टाक." पण लिहिलेलं होतं आणि त्यावर बोट ठेवून भांडता यायचं.

जुनंपुराणं

रविवारची सुट्टी इंग्रजांनी चर्चसाठी दिली असं शाळेत आपण गृहीत धरतो. साहेबाच्या कचेरीपुरतं ते ठीक असेल, गिरणीला ते लागू नव्हतं. मुंबईच्या गिरण्यांत रविवारीही यंत्रं पुसायला-साफ करायला बोलवायचे. १८८१ च्या पहिल्या कारखाने कायद्यात महिन्याला चार सुट्ट्या होत्या, पण फक्त ७ ते १२ वर्षांच्या मुलांना. मोठ्यांचं नावही नव्हतं.

नारायण मेघाजी लोखंडे तेव्हा 'दीनबंधू' हे वृत्तपत्र चालवत होते. सत्यशोधक, जोतीरावांचे सहकारी. १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. मागण्या आज वाचल्या तर या धाग्यावरच्या वाटतील: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, अपघात झाला तर भरपाई. दाद लागली नाही. सहा वर्षांनी, २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले, दोन गिरणी कामगार बायकाही त्या सभेत बोलल्या. १० जून १८९० ला गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. कायद्यात ती पुढच्या वर्षी, १८९१ ला आली.

रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तोच दिवस मागितला असंही सांगतात. १८९७ च्या प्लेगच्या साथीत लोखंडे गेले.

या १८८४ च्या अर्जात मला नेहमी तो पगाराच्या तारखेचा मुद्दा खिळवून ठेवतो. सुट्टी आणि पगार त्यांनी एकाच कागदावर मागितले होते.

चुलीपाशी

मी चार घरी स्वयंपाक करते. मोबाइलवर मुलगी टाइप करून देते आहे. तुम्ही सगळे कलमं सांगताय त्यात आम्ही कुठे बसतो? चार घरं म्हणजे चार मालक. तीन घरी रविवारी पाहुणे येतात म्हणून रविवार जास्त कामाचा. एका घरी महिन्याला दोन सुट्ट्या आहेत. तिसरी घेतली की ताई तोंडाने काही बोलत नाहीत, पण पगार देताना पाकीट बोटांनी दोनदा चाचपून बघतात.

जुनंपुराणं

मावशी, खरं उत्तर कडू आहे. महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण तो नोंदणीचा आणि मंडळाच्या मदतीचा. तुमचे तास किंवा सुट्टी तो बांधून देत नाही. घर ही आस्थापना नाही, म्हणून दुकानांचा कायदाही दाराबाहेर राहतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ मध्ये घरकामगारांसाठी करार केला, क्रमांक १८९, त्यात आठवड्याला सलग २४ तास विश्रांती आहे. भारताने तो अजून स्वीकारलेला नाही. उलट कारखान्यांच्या साप्ताहिक विश्रांतीचा १९२१ चा करार भारताने १९२३ मध्येच स्वीकारला होता. गिरणीच्या दारापर्यंत शंभर वर्षांपूर्वी पोचलेली गोष्ट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी अजून थांबली आहे.

दोन_बोटं

आई विडी वळायची. विडी कामगारांच्या १९६६ च्या जुन्या कायद्यात मजेशीर ओळ होती: आठवड्यातून एक दिवस कारखाना पूर्ण बंद ठेवायचा, फक्त पानं भिजवायचं काम सोडून. कारण पानं आदल्या दिवशी भिजली नाहीत तर दुसऱ्या दिवशी हात रिकामे. पानं भिजवणाऱ्याला मग दुसरा दिवस. कायदा लिहिणारा कधीतरी कारखान्यात जाऊन उकिडवा बसला असणार.

पण आई घरी वळायची, आणि घराला आठवड्यातून एकदा कुलूप लावा असं कोणत्या कायद्यात लिहिणार? आमच्याकडे सुट्टीच्या आदल्या दिवशी कारखान्यातून जास्त पानं यायची.

पाऊलवाट

सगळ्यांचे आभार. हिशेबनीस यांचा हिशेब मी कागदावर उतरवून बाबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो तीनदा केला, मग २६ च्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "कारखान्यात असताना हेच होतं. इथे विचारायचं सुचलंच नाही." मग गप्प. थोड्या वेळाने, "पण साहेब माणूस चांगला आहे. आत्या गेली तेव्हा लगेच सोडलं." मला काय बोलावं कळेना.

आता पुढे काय करू? तक्रार लगेच नको म्हणतात.

हिशेबनीस

तक्रारीआधी पत्र. एका पानाचं, दोन प्रती, एकावर पोच. त्यात भाषण नको, कलमांची माळही नको. बाबांचं नाव, पॉइंट, कधीपासून, आणि: 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मला साप्ताहिक सुट्टी मिळालेली नाही. यापुढे माझा सुट्टीचा वार ठरवून लेखी कळवावा.' वार तुम्हीच सुचवा. 'सुट्टी द्या' या मागणीला 'देतो की' हे उत्तर असतं. 'गुरुवार द्या' याला हो किंवा नाही म्हणावं लागतं, आणि एकदा वार कागदावर आला की त्या दिवशीचं काम हे सुट्टीच्या दिवशीचं काम ठरतं. वारच ठरलेला नसेल तर दुप्पट दर कोणत्या दिवसाचा मागणार? म्हणून तर एजन्स्या वार ठरवत नाहीत.

आणि ती डायरी जपून ठेवा. सगळ्या पानांचे फोटो काढा. थकलेल्या वेतनाचा दावा करायला जुन्या किमान वेतन कायद्यात सहा महिने होते, वेतन संहितेत तीन वर्षं आहेत. पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी संहितेने मालकावर टाकली आहे, पण समोर तारखा असल्या की कामगार अधिकाऱ्याच्या टेबलावर बोलणं वेगळं होतं.

तिसरी_पाळी

यात एक भर. कोणी भीती घालेल की सुट्ट्या घेतल्या तर वर्षाचे २४० दिवस भरणार नाहीत आणि पर्मनंटसारखे हक्क जातील. ऐकू नका. अमेरिकन एक्स्प्रेस बँकेच्या कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितलंय, २४० दिवसांत रविवार आणि पगारी सुट्ट्या मोजायच्या. आमच्या गेटवर ठेकेदाराची पोरं या भीतीने तापात यायची.

@निळा_सदरा, पॉइंट बदलण्याचं तुम्ही विचारलं होतं. एकट्याने पत्र दिलं की एकट्याचा पॉइंट बदलतो. सहा जणांनी एकाच दिवशी दिलं तर कोणाकोणाला दीड तासावर पाठवणार? आमच्याकडेही पहिलं पत्र एकट्यानेच दिलं होतं. ते कोणी दिलं आणि त्याचं काय झालं ते इथे नाही लिहीत.

लघुउद्योग

ताई, आणखी एक दार आहे. सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटा. तक्रार म्हणून नाही, विचारा फक्त, कोटेशनमध्ये रिलीव्हर धरलाय का. धरला असेल तर ते पैसे एजन्सी खाते आहे. नसेल तर कमिटीला पुढच्या मिटिंगमध्ये तो धरावा लागेल. मी आमच्या सोसायटीत काल विचारलं. खजिनदार म्हणाले, "बघावं लागेल." फाइल सापडत नाहीये.

अर्धा_कप

अवांतर करून गेलो होतो, राहून गेलेलं लिहितो. काल रात्री आमच्या वॉचमन काकांना विचारलं, ऑफ कधी असतो? ते हसले आणि म्हणाले, "का, गाडी धुवायचीय का?"

पाऊलवाट

दीड महिन्याने लिहितेय, उशिराबद्दल क्षमस्व.

पत्र दिलं. एजन्सीच्या ऑफिसात पोच द्यायला टाळाटाळ झाली, म्हणून दुसरी प्रत स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवली. आठ दिवसांनी सुपरवायझरचा बाबांना फोन: "काका, एवढं लिहायची काय गरज होती, गुरुवार घ्या ना." लेखी काही आलं नाही, पण गुरुवारी रात्री रिलीव्हर येतो. पहिल्या गुरुवारी बाबा रात्री दोनला उठून बाल्कनीत बसले होते. शरीराला सवय नाही म्हणाले. तिसऱ्या गुरुवारी सकाळपर्यंत झोपले.

सेक्रेटरींना भेटले. कोटेशनमध्ये रिलीव्हर धरलेला आहे, स्पष्ट लिहिलंय, 'साप्ताहिक सुट्टीच्या बदली गार्डसह'. सोसायटी इतकी वर्षं त्याचे पैसे देत होती. सेक्रेटरी बराच वेळ तो कागद बघत बसले.

काल पगाराची स्लिप आली. 'एकूण दिवस ३०, हजर २६.' चार गुरुवार कापलेत. हिशेबनीस, तुम्ही सांगितलं होतं तस्संच. दुसरं पत्र तयार आहे. या वेळी सोबत स्लिप, कोटेशनची प्रत आणि डायरीची पानं जोडतेय, आणि एक प्रत थेट सरकारी कामगार अधिकाऱ्यांना. बाबांनी सही केली. साहेब माणूस चांगला आहे, असं या वेळी म्हणाले नाहीत.

हिशेबनीस

पत्रात 'कापलेले पैसे परत करा' एवढंच लिहू नका. 'मासिक वेतन भागिले २६ या दराने फरक' असं लिहा आणि रुपये-पैशांत आकडा घाला. आकडा काढून हवा असेल तर मूळ वेतन आणि विशेष भत्ता मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आज रात्री करून देतो.

निळा_सदरा

ताई, पहिल्या पत्राचा फोटो इथे टाकाल का? नाव-गाव झाकून. आमच्या पॉइंटवर पाच जण आहेत, शेजारच्या टॉवरचे दोन तयार आहेत. वार अजून ठरत नाही, सगळ्यांना रविवारच हवाय.